मदत हवी आहे : खणाच्या काठाविषयी संशोधन प्रश्न कसा मांडावा आणि त्याला कोणती पद्धत घ्यावी?

वडगावची विद्यार्थिनी

नमस्कार. मी बेळगावात फॅशन डिझाइनच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. या सत्रात आम्हाला एक लघुप्रबंध लिहावा लागतो आणि त्यासाठी माझ्या हातात साधारण १२ आठवडे उरले आहेत. विषय खण हाच घ्यायचा, एवढे मी पहिल्या दिवशीच ठरवले होते. विषय असला म्हणजे प्रश्न असतोच असे नाही, हे मात्र उशिरा कळले.

पहिल्यांदा मी ‘सीमाभागातील खणाची परंपरा आणि भवितव्य’ असे लिहून दिले. मार्गदर्शक बाईंनी ते वाचून एवढेच विचारले, की हे व्याख्यानाचे शीर्षक झाले, यात तुला माहीत नसलेली गोष्ट कोणती? त्यावर मी ‘तरुणींना खणाचे कपडे का आवडतात’ असा प्रश्न केला, गूगल फॉर्म तयार केला आणि तो मैत्रिणींच्या गटांवर पाठवला. ६४ उत्तरे आली. त्यातली बहुतेक आमच्याच महाविद्यालयातली होती, जवळजवळ सगळ्यांनी ‘आवडतो’ यावर खूण केली होती आणि कारणाच्या रकान्यात ‘पारंपरिक लूक’ हे दोनच शब्द पुन्हा पुन्हा लिहिले होते. ती उत्तरे वाचून मला खणाविषयी काहीही कळले नाही. विचारलेला प्रश्न पोकळ असला की उत्तरही पोकळ येते, इतकेच कळले.

त्यानंतर जे घडले त्यामुळे हा धागा काढते आहे. आजीच्या ट्रंकेत एक न शिवलेला खण आणि एक गाठीची चोळी सापडली. खण मोजला तर पन्हा (कापडाची रुंदी) ३१ इंच भरला, लांबी अर्ध्या वारापेक्षा थोडी जास्त, आणि दोन्ही कडांना काठ. चोळी उलटी करून पाहिली, तेव्हा दोन्ही बाह्यांच्या टोकांना तोच काठ आलेला दिसला आणि काखेतला चौकोनी तुकडासुद्धा त्याच कापडातून काढलेला होता. कापडाचा बोटभर तुकडाही वाया गेला नसावा. याउलट मागच्या दिवाळीत मी बाजारातून मीटरवर खणाचे कापड घेऊन कुर्ता शिवून घेतला, तेव्हा त्याचा पन्हा ४४ इंच होता, काठ गळ्याला लावून उरलेला निम्मा काठ शिंप्याने कातरणाच्या पिशवीत घालून मला परत दिला होता. ती पिशवी अजून माझ्याकडे आहे.

म्हणजे एके काळी मागावरून उतरतानाच एका चोळीचे माप ठरलेले होते आणि काठ कुठे येणार हे बेतण्याआधीच जवळपास ठरून गेलेले असे. आता तेच कापड मीटरवर मिळते, त्यामुळे काठ बाहीला घ्यायचा, गळ्याला घ्यायचा, पाठीवर उभा घ्यायचा की कापूनच टाकायचा, हे दर वेळी कोणाला तरी ठरवावे लागते. तो ‘कोणी तरी’ कोण आणि तो कसे ठरवतो, हे मला शोधायचे आहे.

माझ्या अडचणी अशा आहेत. हा प्रश्न प्रबंधासाठी फारच लहान तर नाही ना? जुन्या चोळ्यांचा अभ्यास करावा, शिंप्यांच्या मुलाखती घ्याव्यात की दोन्ही? किती शिंपी पुरेत? जिथे खण विणला जातो त्या बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डला जाऊन विणकरांना भेटल्याशिवाय खणावरचे काम अपुरे राहील, असे वर्गातल्या दोघींचे म्हणणे आहे, ते खरे का? आणि भाषेचा गुंताही आहे. शहापूर-वडगाव भागातले काही शिंपी माझ्याशी मराठीत बोलतील, काही कन्नडमध्ये, आणि प्रबंध लिहायचा आहे इंग्रजीत. माझे कन्नड बाजारापुरते बरे आहे, मुलाखतीपुरते आहे की नाही याची शंका वाटते.

धोटा

प्रश्न लहान आहे म्हणूनच चांगला आहे. बारा आठवड्यांत परंपरेचे भवितव्य कोणालाही सापडत नाही, काठ कुठे गेला हे मात्र सापडू शकते.

गुळेदगुड्डविषयी माझे मत थोडे रोखठोक आहे. तुमचा प्रश्न बेतण्याचा आहे, विणण्याचा नाही. त्यामुळे विणकर हा तुमचा मुख्य साक्षीदार होत नाही. बागलकोट जिल्ह्यात जाऊन हातमागाशेजारी उभे राहून काढलेला फोटो प्रबंधात शोभून दिसतो, पण तुमच्या प्रश्नाचे उत्तर तो देत नाही. मार्गदर्शकांनी आग्रहच धरला तर एक दिवस जा आणि एकच गोष्ट विचारून या, की पन्हा आणि खणाची लांबी कशावरून ठरत आली.

शब्दांबाबत मात्र काटेकोर राहा. गुळेदगुड्ड खणाला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे यंत्रमागावरच्या पॉलिएस्टर कापडाला प्रबंधात सरसकट ‘गुळेदगुड्ड खण’ म्हणू नका; ‘खण पद्धतीचे कापड’ म्हणा. वडगावात माग आहेत म्हणून बाजारातला खण तिथलाच असेल, असेही धरून चालू नका. कापड कशाचे आहे हे ठरवायला कडेचा एखादा सुटा धागा जाळून पाहता येतो. सूत कागदासारखे जळते आणि मऊ राख उरते, रेशमाला केस जळल्याचा वास येतो, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. आजीच्या चोळीवर हा प्रयोग अर्थातच करू नका, कातरणाच्या पिशवीवर करा. ती पिशवी जपून ठेवलीत हे फार बरे केलेत.

पेटीतली घडी

मी वस्त्रांच्या अभ्यासात काही वर्षे काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आधी एक सावधगिरी. तुमच्या आजींच्या ट्रंकेतला न शिवलेला खण हा बहुधा ओटीतला असणार. आपल्याकडे खण-नारळाने ओटी भरतात आणि त्यातले कितीतरी खण कधी शिवलेच जात नाहीत. ते त्रिकोणी घडीतच एका ओटीतून दुसऱ्या ओटीत फिरत राहतात. (माझ्या लग्नातला एक खण सहा वर्षांनी माझ्याच ओटीत परत आला होता, घडीवरच्या हळदीच्या डागावरून मी तो ओळखला.) म्हणून पेट्यांमधून जे खण मिळतील ते ‘बायका काय शिवून घालत होत्या’ याचा पुरावा होत नाहीत. तुमचा पुरावा शिवलेली चोळी हा आहे. चोळ्या कमी मिळतात, कारण त्या वापरून फाटतात आणि शेवटी पोतेऱ्यात जातात. आठ-दहा मिळाल्या तरी पुष्कळ झाल्या. ज्या टिकल्या त्या बहुधा सणावाराच्या होत्या, रोजच्या नव्हत्या, ही मर्यादा प्रबंधात स्पष्ट लिहा.

चोळी वाचण्याची एक शिस्त असते. कला-इतिहासकार ज्युल्स प्राउन यांनी १९८२ साली मांडलेली तीन पायऱ्यांची पद्धत वस्त्रांच्या अभ्यासात आजही उपयोगी पडते : आधी केवळ वर्णन, मग वस्तू हाताळून काढलेले अनुमान आणि शेवटी तर्क. विद्यार्थी नेमके येथेच घसरतात, कारण ते पहिल्याच ओळीत तर्काला हात घालतात. ‘काठ बाहीवर आहे’ हे वर्णन झाले. ‘दोन्ही बाह्या पन्ह्याच्या दोन कडांवरून काढल्या आहेत’ हे धाग्याची दिशा पाहून केलेले अनुमान झाले. ‘काठ बाहीवर आला तो शोभेसाठी नव्हे, पन्ह्यामुळे’ हा तर्क झाला, आणि तो पारखायला तुम्हाला शिंप्याकडेच जावे लागेल. प्रत्येक चोळीचा उलगडून आराखडा काढा, धाग्याची दिशा बाणाने दाखवा आणि काठ रंगवा. चोळी उसवायची नाही. टाचण्या आणि पातळ कागद पुरतात.

शिंप्यांसाठी मी निरीक्षण आणि मुलाखत एकत्र करीन. एकाच दुकानातून, एकाच ताग्यातून, एकसारखे खणाचे कापड घ्या, पाच-सहा शिंप्यांना तेवढेच द्या, माप एकच द्या आणि काठाविषयी काहीही न सांगता ब्लाऊज बेतायला सांगा. खडूची पहिली रेघ कुठे पडते ते पाहा. कात्री लावण्याआधी कापड किती वेळा फिरवले, काठ कशावर ठेवून पाहिला आणि नंतर हलवला, हे सारे टिपून ठेवा. हा थोडासा प्रयोगच झाला आणि कोणी पाहत असताना माणूस जरा जपून काम करतो, हेही खरे. म्हणून त्याच दुकानात दोन दिवस नुसते बसून गिऱ्हाइकांशी होणारे बोलणे ऐका. आजकाल गिऱ्हाईक मोबाइलवरचा फोटो पुढे करते, तेव्हा तुमचा ‘कोणी तरी’ कदाचित त्या फोटोत सापडेल.

शिंप्यांची संख्या हा मुख्य मुद्दा नाही. कोणाला घेतले आणि का, हे सांगता आले पाहिजे. वयाने जुने, ज्यांनी गाठीची चोळी स्वतः शिवलेली आहे असे दोन-तीन. आणि ज्यांनी फक्त ब्लाऊज शिवले आहेत असे तेवढेच. यादृच्छिक नमुना येथे शोभणार नाही, हेतुपुरस्सर निवडच योग्य आहे. गूगल फॉर्म मात्र टाकून देऊ नका. तो का फसला यावर अर्धे पान लिहा. परीक्षकांना ते आवडते आणि ते प्रामाणिकही आहे.

मशीन बंद

बाळ, मी चाळीस वर्षे ब्लाऊज शिवले, आता डोळे साथ देत नाहीत. शिंप्याला नुसते ‘काठ कुठे लावता’ असे विचारलेत तर तो म्हणेल ‘गिऱ्हाईक सांगेल तिथे’, आणि मुलाखत तिथेच संपेल. कापड टेबलावर पसरा आणि मग विचारा. हातात खडू असला की आम्हाला बोलता येते.

आणखी एक सांगतो. कापड कमी असले की काठ आपोआप आपली जागा धरतो. कापड भरपूर झाले की डोके वापरावे लागते. टक्स, म्हणजे छातीला आकार यावा म्हणून शिवून टाकलेली चुणी, घालायचा म्हटला की काठाची रेघ मोडते, म्हणून आम्ही काठ छातीवर आडवा घेत नव्हतो. कटोरीत, म्हणजे छातीचा वाटीसारखा भाग वेगळा कापून जोडतात त्या ब्लाऊजमध्ये, तर तो जुळवताना जीव जातो. गाठीच्या चोळीला टक्स असे नव्हतेच. हे तुमच्या प्रश्नात कुठे बसते ते तुम्ही पाहा.

लग्नसराईत आणि गणपती-दिवाळीच्या तोंडावर कोणाच्याही दुकानात जाऊ नका. आणि शिलाई द्या. अभ्यासासाठी फुकट शिवून मागणारी मुले आली की आम्ही चहा पाजतो आणि उद्या या म्हणतो.

सीमेवरची

भाषेविषयी थोडेसे. तुमची अडचण मला उलट तुमची मिळकत वाटते. आपल्याकडे म्हाताऱ्या बायका चोळी, पोलके आणि झंपर हे शब्द एकमेकांच्या जागी वापरत नाहीत. समोर गाठ मारायची ती चोळी, बटणे लावायचे ते झंपर. कन्नड बोलणाऱ्या शेजारणीही झंपर म्हणतात, आणि चोळीला कुबसा. डोहाळजेवणालाही आमच्या बाजूला त्याच नावाने ओळखतात, कारण त्या दिवशी चोळीचे कापड द्यायचे असते. काठाला कन्नडमध्ये दडी. हे सगळे शब्द इंग्रजीत ‘ब्लाऊज’ आणि ‘बॉर्डर’ असे करून टाकलेत, तर तुमच्या प्रश्नातला अर्धा फरक भाषांतरातच पुसला जाईल. मूळ शब्द तसेच ठेवा आणि पहिल्यांदा येतील तिथे समजावून सांगा. कन्नड मुलाखतीला सोबत कोणाला तरी न्या, पण प्रश्न तुम्हीच विचारा. संमतीपत्रही दोन्ही भाषांत करा आणि सही घेण्याआधी वाचून दाखवा.

वडगावची विद्यार्थिनी

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री चोळी पुन्हा काढली. मास्तरांचे म्हणणे पडताळून पाहिले : तिला खरोखरच टक्स नाही, छातीवर कापड सरळ आहे आणि आकार गाठीमुळे येतो. हे माझ्या नजरेसमोर असून मला दिसले नव्हते, कारण मी नुसता काठ पाहत होते.

त्यामुळे प्रश्न आता असा लिहिला आहे : ‘बेळगाव शहरातील शिंपी मीटरवर मिळणाऱ्या खण पद्धतीच्या कापडातून ब्लाऊज बेतताना काठाची जागा कशी ठरवतात, आणि गाठीच्या चोळीत पन्ह्याने ठरलेली काठाची जागा टक्स असलेल्या ब्लाऊजमध्ये कुठे आणि का बदलते?’ पहिले चार आठवडे चोळ्यांचे आराखडे, त्यानंतरचे चार बेतण्याचे निरीक्षण आणि मुलाखती, उरलेले लेखनासाठी. सहा शिंपी घेणार आहे, सहाही जणांना शिलाई देणार आहे. गुळेदगुड्ड सध्या वगळले आहे. बाईंनी विचारले तर धोटा यांचे उत्तर थोड्या सौम्य शब्दांत देईन.

एकच शंका उरली आहे. सहा शिंप्यांकडून माझ्याच मापाची सहा ब्लाऊज शिवून येतील. त्यांचे काय करावे?

मशीन बंद

घाला. कुठल्या बाहीचा काठ हात वर केल्यावर काचतो, तेही लिहून ठेवा.