मदत हवी आहे : पहिलीसाठी जवळची शाळा की नौपाड्यातील?
नमस्कार. आम्ही ठाण्यात कासारवडवलीला राहतो. मुलीला येत्या जूनमध्ये पहिलीत घालायचे असून दोन खासगी शाळांपैकी एक निवडणे जड जात आहे. घराजवळची शाळा सीबीएसईची असून तिचे शुल्क जवळपास दुप्पट आहे. नौपाड्यातील राज्य मंडळाच्या शाळेतील शिक्षिका आपुलकीने बोलल्या, परंतु घोडबंदर रस्त्यावरील सकाळची कोंडी पाहता सहा वर्षांच्या मुलीने रोज तासभर बसमध्ये बसावे, हे मनाला पटत नाही. (आजीचा कौल अर्थातच नौपाड्याला!) शिवाय जवळच्या शाळेने मुलीची चाचणी घेणार असल्याचे कळवले आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार प्रवेशासाठी अशी चाचणी घेण्यास मनाई असताना आम्ही लेखी हरकत घ्यावी का, आणि त्याचा प्रवेशावर परिणाम होतो का, हे अनुभवी पालकांनी कृपया सांगावे.