रक्ताच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) मेरोपेनेम या प्रतिजैविकासमोर ‘आर’ आले आहे, याचा अर्थ काय?

प्रश्न (एक मामा, सोलापूर): माझी चार वर्षांची भाची न्यूमोनियामुळे येथील एका रुग्णालयात व्हेंटिलेटरवर असून, तिच्या रक्तात आता क्लेब्सिएला जंतू आढळला आहे. डॉक्टर कोलिस्टिन हे दुसरे प्रतिजैविक सुरू करणार आहेत. हे औषध सुरक्षित आहे का?

बालरोगतज्ज्ञ: ‘आर’ म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाही. असे काही जंतू एनडीएमसारखे विकर (एन्झाइम) तयार करून मेरोपेनेमचा रेणूच निकामी करतात. जागतिक आरोग्य संघटनेने औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंच्या २०२४ च्या यादीत त्यांना सर्वांत चिंताजनक गटात ठेवले आहे. कोलिस्टिनमुळे मूत्रपिंडांना इजा होऊ शकते, म्हणून क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि लघवीचे प्रमाण यांवर सतत लक्ष ठेवावे लागते. तरीही पर्याय मोजकेच असताना ते देणे मला योग्य वाटते.

परिचारिका, अतिदक्षता विभाग: श्वासनलिकेतील, शिरेतील आणि लघवीच्या नळ्यांवाटे हे जंतू शिरतात, त्यामुळे ‘ही नळी अजून आवश्यक आहे का?’ असे रोज अवश्य विचारा. कोणी रागावणार नाही. पलंगाच्या कठड्याला नुसता हात लागला, तरी हात पुन्हा स्वच्छ करा.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. आजचे क्रिएटिनिन किती आले, हे लगेच विचारतो.