उंची कमी, नितंब रुंद: चर्चमधील लग्नासाठी गाऊनचा कोणता घाट निवडावा?

वसईची_नववधू:
येत्या जानेवारीत वसईत आमच्या धर्मग्रामाच्या चर्चमध्ये माझा विवाह आहे. पांढरा गाऊन शिवून घ्यायचे ठरले आहे, परंतु त्याच्या घाटाबद्दल घरात एकमत होत नाही. माझी उंची 5 फूट 1 इंच असून छाती 32, कंबर 27 आणि नितंब 39 इंच आहेत. खांदे अरुंद आहेत. मला गुडघ्यापर्यंत अंगालगत बसणारा आणि तेथून पसरणारा मर्मेड मनापासून आवडतो, तर आईला भरपूर घेराचा बॉलगाऊनच लग्नाचा वाटतो. टेलरने माप घेताक्षणीच ए-लाइन सुचवला, मात्र कारण विचारल्यावर ‘तुम्हाला तोच शोभेल’ यापलीकडे त्यांनी काही सांगितले नाही. चर्चमध्ये खांदे झाकलेले असावेत अशी फादरांची अपेक्षा आहे आणि संध्याकाळी मांडवात स्वागतसमारंभ व नाच आहे. ज्यांनी असे गाऊन शिवले किंवा घातले आहेत, त्यांनी कृपया कारणांसह सल्ला द्यावा.

सुईदोरा:
मी लग्नाचे गाऊन शिवते, म्हणून टेलरने न सांगितलेले कारण सांगते. तुमच्या कमरेत आणि नितंबांत 12 इंचांचा फरक आहे. ए-लाइनमध्ये कापड कमरेपर्यंत अंगाबरोबर येते आणि तेथून सरळ रेषेत उघडत जाते, त्यामुळे नितंबांची रुंदी त्या उताराच्या आतच सामावते आणि बारीक कंबर तेवढी नजरेत भरते. त्यातही कमरेवर आडवा जोड न घेता छातीपासून खालपर्यंत उभ्या कळ्या जोडून प्रिन्सेस कट केला, तर त्या उभ्या शिवणींमुळे उंची थोडी अधिक भासते. (‘ए-लाइन’ हे नाव फ्रेंच फॅशन डिझायनर क्रिस्तियाँ दिओर यांच्या 1955 सालच्या वसंत संग्रहामुळे रूढ झाले, त्यांचा मूळ घाट मात्र खांद्यापासूनच रुंदावत जाई.)

बॉलगाऊनची अडचण घेरापेक्षा चुण्यांत आहे. कमरेवर दाट चुण्या घेऊन आत कॅनकॅन (घेर फुगवणारा ताठ जाळीचा परकर) घातला की जेथे तुम्ही मुळातच रुंद आहात तेथेच कापडाचे थर साचतात, आणि पाच फुटांच्या आसपासच्या उंचीवर स्कर्टच मुलीपेक्षा मोठा दिसू लागतो. आईंचे मन राखायचेच असेल, तर चुण्यांऐवजी चपट्या पट्ट्या घ्याव्यात आणि कमरेचा जोड पुढे ‘व्ही’सारखा खाली उतरवावा.

एम्पायर, म्हणजे छातीखालीच जोड असलेला घाट, झुळझुळीत कापडात तुम्हाला चांगला दिसेल, मात्र तुमची बारीक कंबर त्यात झाकली जाईल. कडक कापडात तर तो पोटापुढे फुगतो, आणि आपल्याकडच्या आत्या-मावश्या लगेच काय कुजबुजतील हे मी सांगायला नको.

अरुंद खांद्यांसाठी बोटनेक घ्यावा. गळ्याची आडवी रेषा खांदे रुंद दाखवते, त्यामुळे नितंबांशी तोल साधतो, आणि फादरांची अपेक्षाही आपोआप पूर्ण होते.

माडाखालची:
ताई, दिसण्याचे सर्व मुद्दे मान्य आहेत, परंतु मिस्सेत, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासनेत, वेदीपुढे गुडघे टेकावे लागतात याचा येथे कोणी विचारच केला नाही. माझ्या मावसबहिणीचा मर्मेड मांडीपासून गुडघ्यापर्यंत इतका घट्ट होता की तिला गुडघे टेकता येईनात आणि शेवटी नवऱ्याने व करवलीने दोन्ही बाजूंनी धरून तिला खाली बसवले. गाडीत चढणे आणि चर्चच्या पायऱ्या हे प्रसंगही तसेच होते. म्हणून ट्रायलच्या वेळी आरशापुढे उभे राहून समाधान मानू नये. गुडघे टेकावेत, खुर्चीवर बसावे आणि दोन्ही हात वर करून पाहावे.

तिरपा_धागा:
येथील सल्ला कारागिरीच्या दृष्टीने अचूक आहे, तरी त्यामागील एक गृहीतक मला खटकते. बांध्यानुसार घाट सुचवणारे सर्व तक्ते असे धरून चालतात की रुंद नितंब ही झाकायचीच गोष्ट आहे. प्रश्न विचारणारीने तसे कोठेही म्हटलेले नाही. उलट तिला आवडलेला घाट नितंब ठळकपणे दाखवणारा आहे, आणि 27 इंचांच्या कमरेखाली तो वाईट दिसेल असे मुळीच नाही. खरी अडचण उंचीची आहे, कारण फुलोरा, म्हणजे खालचा पसरणारा घेर, गुडघ्याशी सुरू झाला की पाय तेथेच तुटल्यासारखे दिसतात. तो मांडीच्या मध्याशी सुरू केला, म्हणजे ज्याला ट्रम्पेट म्हणतात तो घाट घेतला, तर पाय लांब दिसतील आणि गुडघेही टेकता येतील.

वसईची_नववधू:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. ट्रम्पेटचा विचार मला पटतो आहे आणि आईलाही तो फारसा खटकलेला नाही. कापड कोणते घ्यावे, आणि शिवण्यापूर्वी गाऊन अंगावर कसा दिसेल हे पाहण्याचा काही मार्ग आहे का?

सुईदोरा:
ट्रम्पेटला माझी हरकत नाही. तिरपा धागा यांचा मुद्दा रास्त आहे. आधी मांजरपाटात पूर्ण गाऊन कच्चा शिवून घ्यावा आणि फुलोरा कोठून सुरू करायचा ते त्यावरच खडूने ठरवावे. दोन इंच वरखाली केल्याने किती फरक पडतो हे तक्त्यांत कळत नाही, अंगावरच कळते. कंबर शोधण्यासाठी बाजूला वाकावे. जेथे घडी पडते ती खरी कंबर. नितंबांचे माप तेथून साधारण वीतभर खाली, सर्वांत रुंद जागी घ्यावे.

कापड म्हणून जाडसर क्रेप किंवा मिकाडो (ताठ, किंचित चमकदार रेशमी कापड) घ्यावे. पातळ सॅटिन आतील प्रत्येक शिवण दाखवते, आणि टॅफेटा लगेच चुरगळतो. 1981 मध्ये ब्रिटनच्या राजघराण्यातील लग्नात डायना यांचा टॅफेटाचा गाऊन 25 फुटांच्या ट्रेनसह (मागे लोळणाऱ्या शेपट्यासह) बग्गीतून उतरताना चुरगळलेलाच होता. तुमची ट्रेन लहान ठेवावी आणि नाचाच्या वेळी ती वर उचलून अडकवता यावी म्हणून मागे हूक लावून घ्यावेत. आत कमरेवर घट्ट फीत शिवल्यास गाऊनचे वजन तिच्यावर पडते आणि नाचताना खांद्याची पट्टी ओढली जात नाही. खालची किनार मापताना मात्र लग्नात घालणार असलेलीच चप्पल पायात हवी.