थोरल्या आईचं नाव

दादा (औसा): शरणार्थ मंडळी. काल दिवसभर जुन्या गावात होतो. भूकंपानंतर गाव नव्या जागी गेलं, तेव्हापासून आपल्या समाध्यांकडं दिवाळीशिवाय कुणी फिरकत नाही. बाभळी माजल्यात. दोघा गड्यांना घेऊन सात दगड मोकळे केले. तीन दगडांवर कोरलेलं आहे, चार कोरे. फोटो टाकायलो. संध्याकाळचं तिरपं ऊन पडल्यावरच अक्षरं उठली. चुना, खडू, तारेचा ब्रश काही लावलं नाही, खपली निघते.

ताई (पुणे): मधल्या दगडावर 'महादप्पा बसप्पा, शके 1840 कार्तिक' असंच आहे ना? शकात 78 मिळवायचे, म्हणजे 1918. कार्तिक म्हणजे नोव्हेंबरच्या आसपास. दादा, ही मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ!

काका (लातूर): आमचे आप्पा, म्हणजे बसप्पा, सांगायचे, "माझा बाप मानमोडीत गेला, मला त्याचं तोंड आठवत नाही." एवढंच. आज दगडावर वाचलं. दुपारपासून तोच फोटो बघत बसलोय.

ताई: काका, तुम्ही दिवाळीत काढलेली वंशावळ परत बघितली. बसप्पा, महादप्पा, पुन्हा बसप्पा, पुन्हा महादप्पा. एकही बाई नाही. आप्पा तान्हे असताना बाप गेला, तर त्यांना वाढवलं कुणी? जमीन सांभाळली कुणी?

काका: थोरल्या आईनं. सगळं गाव तिला थोरली आईच म्हणायचं. नाव मला खरंच माहीत नाही. मी पाच-सहा वर्षांचा असताना गेली.

दादा: तेच सांगायलो. मागच्या महिन्यात रेकॉर्ड रूममधून जमिनीच्या कागदांच्या दोन नकला काढल्या. पुढं कुणाला काढायच्या असतील तर ध्यानात ठेवा, लातूर जिल्हा 1982 साली झाला. त्याच्या आधी आपण धाराशिवात होतो, म्हणून एका ठिकाणी नाही मिळालं तर दुसरीकडं विचारायचं. 2023 पासून कुणबी नोंदींसाठी सगळे बस्ते उघडलेत, त्यामुळं कुठला कागद कुठं आहे हे तिथल्या लोकांना आता पाठ झालंय. एक नक्कल निजामाच्या काळातली, उर्दूत. उर्दू शाळेच्या निवृत्त गुरुजींनी वाचून दिली: 'बसप्पा वल्द महादप्पा, नाबालिग, वली मुसम्मात गंगाबाई.' म्हणजे महादप्पाचा मुलगा बसप्पा, अज्ञान, पालक गंगाबाई. साल 1330.

ताई: 1330 फोनमध्ये टाकलं तर 1912 येतंय. तेव्हा महादप्पा जिवंत होते ना? बाप असताना मुलाला वली कशाला लागेल?

चुलतकाका (उमरगा): मग ती आपली नोंदच नाही. नातवाला आजोबाचं नाव द्यायची पद्धत, प्रत्येक घरात एक बसप्पा आहे. दुसऱ्या भावकीची असेल.

काका: थांबा. ताई, तू हिजरी धरलंस. हैदराबाद संस्थानात महसूल फसली सालावर चालायचा. फसलीत 590 मिळव. वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं, म्हणून 1330 म्हणजे 1920-21. बाप जाऊन दोन वर्षं झालेली, आप्पा लहान. बरोबर बसतंय.

ताई: हो! एका आकड्यानं पूर्वज बदलून टाकले असते मी.

दादा: दुसरी नक्कल 1954 च्या खासरा पाहणी पत्रकाची. मुक्ती 1948 ला झाली, त्यानंतरचा कागद, म्हणून मराठीत आहे. एका सर्व्हे नंबरला, 4 एकर 12 गुंठे, कब्जेदार 'गंगाबाई भ्र. महादप्पा'.

भाचा (संभाजीनगर): भ्र. म्हणजे भाऊ का?

काका: नाही रे बाळा. भ्रतार, म्हणजे नवरा. आपल्याकडच्या जुन्या सातबाऱ्यांवर बाईच्या नावापुढं सगळीकडं दिसेल. गंगाबाई, महादप्पाची बायको.

चुलतकाका: विचारू का? हे सर्व्हे नंबर काढण्यामागं हिश्शाचं काही नाही ना? भावकीत पुन्हा तोंडं फिरायला नकोत.

दादा: नाही काका. तो तुकडा आप्पांनीच विकला, आमच्या जन्माच्या आधी. मला फक्त एवढं कळलं, की चौतीस वर्षं ज्या बाईनं एकटीनं शेत धरून ठेवलं, तिचं नाव सरकारी कागदाला माहीत होतं आणि आपल्याला नव्हतं. ते वाचल्यापासून रात्री झोप नीट लागत नाही.

चुलतकाका: बरं केलंस बाबा. माफ कर.

काकी (लातूर): अहो, मला एक आठवलं. 1993 च्या भूकंपात, 30 सप्टेंबरला पहाटे माळवद कोसळलं. गणपती बुडवून सगळे नुकतेच झोपले होते. चार दिवसांनी ढिगाऱ्यातून एक पितळी तांब्या निघाला होता. कागदांची पेटी नाही सापडली, तांब्या सापडला. चेपलेला आहे, पण मी मोडीत दिला नाही. सासूबाई म्हणायच्या, हा थोरल्या आईच्या माहेरचा. गळ्याखाली नक्षी आहे. थांबा, फोटो टाकते.

वहिनी (भालकी): काकी, ती नक्षी नाही! कानडी अक्षरं आहेत. ठोकून ठोकून कोरलेली, म्हणून तशी दिसतात. पहिलं 'गंगव्वा'. दुसरं झिजलंय... 'आळंद'.

ताई: आळंद म्हणजे कलबुर्गीकडचं?

वहिनी: हो, आमच्याकडून फार लांब नाही. 1956 पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होतो की आपण सगळे. लेकी इकडून तिकडं द्यायचेच. आमच्याकडं गंगव्वा म्हणतात, तुमच्या तलाठ्यानं गंगाबाई केलं असणार.

काका: मोठ्या अक्काला फोन लावा कुणीतरी. तिचं वय ब्याऐंशी. थोरल्या आईजवळ निजलेली आता तीच एक.

अक्काआत्या (नातू लिहितोय, आज्जी बोलतेय): मी सगळं ऐकलं. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. माझ्या लग्नाच्या आदल्या साली गेली. आम्हाला हाक मारायची ना, "बा इल्ली, बा इल्ली" म्हणायची. आम्ही पोरं हसायचो, वाटायचं म्हातारी बोबडं बोलते. ती आपल्या माहेरच्या बोलीत बोलायची, आज कळालं मला. रागावली की मराठी, लाड करायची तेव्हा ते.

वहिनी: आत्या, 'बा इल्ली' म्हणजे 'इकडे ये'.

अक्काआत्या: व्हय. मी जायचे ना तिच्याकडं, म्हणजे कळतच होतं की मला.

दादा: आत्या, तिची समाधी कोणती? चार दगड कोरे आहेत.

अक्काआत्या: महादप्पाच्या डाव्या अंगाला, लिंबाच्या बाजूला. समाधीत बसवताना तिच्या हातात लिंग दिलं तेव्हा मी तिथंच उभी होते, बायकांनी मला मागं ओढलं. दगडावर काही लिहिलं नाही, पैसेच नव्हते त्या साली.

दादा: लिंबाचं झाड आता नाही, पण खुंट आहे. त्याच्या शेजारचा दगड आहे, काल मीच बाभळी तोडल्या तिथल्या.

वहिनी: माझे बाबा आळंदला लग्नाला जाणार आहेत पुढच्या आठवड्यात. मठात विचारून बघतो म्हणाले. एवढ्या वर्षांनी कुणी असेल की नाही, माहीत नाही, पण विचारतील.

काका: दगडवाल्याला काय सांगायचं? गंगाबाई की गंगव्वा?

अक्काआत्या: तांब्यावर आहे तेच. आणि त्याच अक्षरात लिव्हा.