पोस्टर सोडून तुमच्या कामाच्या जागी सुरक्षेसाठी खरंच काय होतं? (अनुभव धागा)

धागाकर्ती: 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो, आमच्याकडे त्या दिवशी शपथ होते, छातीला बॅज लागतो, ग्रुप फोटो, समोसा-चहा, आणि मग सगळे परत त्याच लोंबत्या वायरी चुकवत आपापल्या जागी. तर तुमच्या ऑफिसात, कारखान्यात, साइटवर माणूस धडधाकट घरी जावा म्हणून काय केलं जातं किंवा जात नाही ते लिहा. कंपनीचं नाव नको, उगाच भांडणं होतात. पोस्टरचे फोटो पण नकोत.

गाळा_नंबर_दहा: साकीनाक्याला प्रेस शॉपमध्ये आहे. पॉवर प्रेसला (पत्रा दाबून आकार देणारं मशीन) दोन बटणं असतात, दोन्ही हात बटणावर म्हणजे डायखाली (आकार देणाऱ्या साच्याखाली) बोट जायचा प्रश्नच नाही. पण आमच्याकडे पोरं एका बटणात पुठ्ठ्याची घडी खुपसून ते कायमचं दाबून ठेवायची, एका हाताने मशीन चालवायची आणि दुसऱ्याने माल आत सरकवायची. साहेब लोक म्हणणार कामगार बेफिकीर. अहो पीस रेटवर आहे तो, चार पीस जास्त निघाले तर त्याच्या घरी फरक पडतो! शेजारच्या गाळ्यात एकाची दोन बोटं गेली, मग आमच्या शेठनी फिटर बोलावून सर्किट बदललं, आता दोन्ही बटणं एकदम दाबावी लागतात आणि दर स्ट्रोकला, म्हणजे प्रेस एकदा खाली-वर झाली की, दोन्ही सोडावी लागतात, पुठ्ठा घातला तर मशीन हलतच नाही. सोबत रेटही थोडा वाढवला, आणि मला विचाराल तर खरं काम त्या रेटनेच केलं.

आणि तो बोटं गेलेला पोरगा कॉन्ट्रॅक्टरचा. पगारातून ईएसआयचे (सरकारी कामगार विम्याचे) पैसे कापायचे पण नंबर मागितला की आज देतो उद्या देतो. पगार 21,000 पर्यंत असेल तर तुमचे 0.75 टक्के आणि मालकाचे 3.25 टक्के भरावे लागतात, ते खरंच भरले जातायत का हे आत्ताच बघून घ्या, हाताला बँडेज असताना कागद गोळा करत फिरणं लई बेकार.

परळ_रिटर्न: 2017 च्या डिसेंबरमध्ये कमला मिलच्या आगीत 14 जणं गेली, आमचं ऑफिस तिथून चालत जाण्यासारखं. पण नंतरसुद्धा फायर ड्रिलचा (आग लागली तर बाहेर पडायच्या सरावाचा) मेल आदल्या दिवशी यायचा आणि लोकं बरोब्बर त्या वेळेला खाली टपरीवर. मग अ‍ॅडमिनला नवीन मॅडम आल्या, त्यांनी न सांगता ड्रिल घेतली, तीपण एक जिना मुद्दाम बंद ठेवून, तेव्हा कळलं की दुसऱ्या जिन्याचं दार दिवाळीच्या गिफ्टच्या खोक्यांनी अडलंय. फायर सिस्टीम चालू आहे असं लायसन्सवाल्या एजन्सीचं बी फॉर्म दर जानेवारी-जुलैला द्यावं लागतं, त्या वेळी मॅडम एजन्सीवाल्याला मजल्या-मजल्यावर फिरवतात, होज रीलला पाणी येतंय का स्वतः उघडून बघतात. लोकं त्यांना हिटलर म्हणतात. म्हणू देत.

धागाकर्ती: आणि रेफ्यूज एरियात, म्हणजे आग लागली तर थांबायला मोकळी ठेवलेली जागा असते तिथे, काय असतं तुमच्याकडे?

परळ_रिटर्न: सिगरेटी. आणि टेबल टेनिस.

झाडूपोछा_सर्व्हिस: आम्ही अंधेरी ते बोरिवली सोसायट्यांना हाउसकीपिंग देतो. सेक्रेटरींचा फोन येतो, टाकी चोकअप झालीये, एक पोरगा उतरवा, वरचे पाचशे देतो. सेफ्टीच्या साधनांशिवाय सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे हे सांगितलं की 'अहो दोन मिनिटांचं काम आहे'. लोकांना वाटतं गॅस असेल तर वास येईलच, आला की बाहेर येऊ. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो खरा, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं, वास गेला म्हणजे हवा साफ झाली असं आतल्याला वाटतं आणि तो तिथेच कोसळतो, मग वरचा त्याला काढायला उतरतो आणि तोही जातो. म्हणून बातमीत एकाच टाकीत दोन-तीन जणं असतात. आम्ही सक्शनची गाडीच मागवतो, बिल वाढतं, मीटिंगमध्ये कटकट होते. एका काकांना मी म्हटलं, काका तुमच्या मुलाला उतरवा, पाचशे मी देतो. ते कॉन्ट्रॅक्ट गेलं 😄

मालाड_नाइट: दहा किंवा जास्त माणसं असली की लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती लागतेच. आमच्या पॅन्ट्रीत नावं लावलीयेत, त्यातल्या अध्यक्ष मॅडम कधीच कॅनडाला गेल्या. तक्रारीची मुदत 3 महिने, माझ्या मैत्रिणीचे ते 'आपण आपसात बघू' ऐकण्यातच गेले. कारण पटलं तर समिती अजून 3 महिने वाढवून देऊ शकते हे तिला एचआरने सांगितलंच नाही. आणि ऑफिसात दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते, तिकडे जायचं.

लॉगऑफ_कधी: आमच्याकडे ताणतणावावर वेबिनार झाला. शनिवारी सकाळी 9 ला. कॅमेरा चालू ठेवणं कंपलसरी.

मालाड_नाइट: 😂 खरंच कोणाला गरज असेल तर 14416, टेली मानस, मानसिक त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट आहे, रात्री पण लागतो. आमच्या गेटवरच्या दादांना मीच लावून दिला होता, मराठीत नीट बोलले.

कुर्ला_वेल्डर: गाळावाले भाऊ, ते सर्किट आमच्याकडच्या जुन्या प्रेसला बसेल का? शेठला काय म्हणून सांगू?

गाळा_नंबर_दहा: टू हँड कंट्रोलचा सेफ्टी रिले म्हणून सांगा, नुसती नवीन बटणं बसवून घेऊ नका. पण आधी क्लच (चाकाचा जोर प्रेसला जोडणारा भाग) बघा, चावीचा जुना क्लच असेल तर स्ट्रोक एकदा सुटला की मध्ये थांबत नाही, तिथे रिले काही करणार नाही, डायभोवती जाळीच लावावी लागेल. फोटो टाका, आमच्या फिटरला दाखवतो.