डीप पर्पल: कोणतं गाणं, कोणतं ध्वनिमुद्रण आणि कान कुठे लावायचा

धागाकर्ता

'सगळ्यात भारी अल्बम कोणता' यावर भांडून झालंय. ते दर वेळी 'इन रॉक' विरुद्ध 'मशीन हेड' इथेच येऊन अडकतं, म्हणून या धाग्याला वेगळा नियम. गाणं सांगा, त्याचं कोणतं ध्वनिमुद्रण ते सांगा, त्यात नेमकं काय ऐकायचं ते सांगा. वाजवणाऱ्यांनी हात कुठे अडखळतो तेही लिहावं. 'मी पहिल्यांदा कधी ऐकलं' या आठवणी कृपया नकोत.

नव्यांसाठी थोडक्यात: बँड १९६८ चा, इंग्लंडमधल्या हर्टफर्डचा. रिची ब्लॅकमोर गिटार, जॉन लॉर्ड ऑर्गन, इयन पेस ड्रम्स. १९६९ मध्ये गायक इयन गिलन आणि बेसवादक रॉजर ग्लोव्हर आले. या पाच जणांच्या संचाला चाहते 'मार्क टू' म्हणतात. १९७३ मध्ये गिलन आणि ग्लोव्हर बँडमधून बाहेर पडले आणि गायक डेव्हिड कव्हरडेल व बेस वाजवत गाणारा ग्लेन ह्यूज आले, तो 'मार्क थ्री'. खाली हे शब्द सारखे येतील.

माझं मत आधीच टाकून ठेवतो: या बँडचे अल्बम गिटारवरून तोलू नका, ऑर्गनवरून तोला. पटलं नाही तर खोडून काढा.

चौथी तार

सुरुवात 'स्मोक ऑन द वॉटर'नेच करू, कारण गिटारच्या दुकानात रोज सगळ्यात चुकीचं वाजणारं गाणं हेच असावं.

रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा, डी आणि जी या दोन तारांवर आहे, दोन्ही तारा एकदम. फ्रेट असे: ०, ३, ५ / ०, ३, ६, ५ / ०, ३, ५, ३, ०. म्हणजे प्रत्येक जोडीत चौथ्या स्वराचं अंतर. बहुतेक जण हेच जाड ई तारेवर पाचव्या स्वराचा पॉवर कॉर्ड धरून वाजवतात. सूर बरोबर येतात, पण आवाज जड आणि चिखलासारखा होतो.

दुसरी चूक पिकची. ब्लॅकमोर इथे पिक वापरत नाही. अंगठा आणि तर्जनीने दोन्ही तारा एकाच क्षणी उचलतो. पिकने एक तार आधी लागते, दुसरी मागून, आणि तो 'टप्प' असा ठोका जातो.

तिसरी चूक लयीची. पहिले तीन ठोके पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या मात्रेवर सरळ आहेत. पण दुसरा तुकडा समेवर येत नाही, समेच्या अर्धी मात्रा आधीच सुरू होतो. तो समेवर आणला की रिफ शाळेच्या बँडसारखी वाटायला लागते.

सरगमवाल्यांसाठी: जी हा सा धरला तर सा, कोमल ग, म, मग सा, कोमल ग, तीव्र म, शुद्ध म. दोन्ही मध्यम लागोपाठ! ललतची आठवण येईल, पण तिथे गंधार शुद्ध असतो, त्यामुळे नातं तिथेच संपतं.

तीन ड्रॉबार

धागाकर्त्याला शंभर टक्के अनुमोदन. वरचीच रिफ पुन्हा ऐका. आधी गिटार एकटी. मग हाय-हॅट (ड्रम्समधली पायाने मिटणारी झांजेची जोडी) आणि त्याबरोबर फाटक्या आवाजाचा ऑर्गन येतो, मग बाकीचे ड्रम्स, शेवटी बेस. लोकांना जी 'जाड गिटार' वाटते तिच्यातला अर्धा जाडपणा लॉर्डचा आहे. तो हॅमंड सी-३ हा ऑर्गन मार्शलच्या गिटार अ‍ॅम्पमध्ये घालत असे. ऑर्गनच्या नेहमीच्या फिरत्या लेस्ली स्पीकरचा गोडवा त्यामुळे मागे पडतो आणि ऑर्गन दुसऱ्या गिटारसारखा चावायला लागतो.

कीबोर्डवर हे आणायचं असेल तर: पहिले तीन ड्रॉबार (आवाजाचा रंग ठरवणाऱ्या ओढायच्या पट्ट्या) पूर्ण बाहेर, बाकीचे बंद. डिस्टॉर्शन स्पीकरच्या आधी लावा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हातात तीन स्वरांचे भरगच्च कॉर्ड धरू नका. डिस्टॉर्शनमध्ये स्वरांच्या बेरजा-वजाबाक्या होऊन नवे सूर तयार होतात. चौथ्या-पाचव्याच्या जोडीत ते मूळ सुरांशी जुळतात, तिसरा स्वर घातला की गुरगुर सुरू होते. बोट जोरात आपटून उपयोग नाही, हॅमंडला दाब कळतच नाही. आवाज कमी-जास्त करायचा तो पायाच्या पेडलने. पियानोचा सस्टेन पेडल मात्र विसरून जा.

'मशीन हेड'वरच्या 'लेझी'ची सुरुवात हा याचा उत्तम धडा. आधी ऑर्गन नुसता गुरगुरतो, मग हळूहळू ब्लूजवर उतरतो. त्यातला माऊथ ऑर्गन गिलनचा.

काटा बरोबर

ऑर्गनचं मान्य, पण 'मशीन हेड'च्या आवाजाचं श्रेय जागेलाही द्या. ४ डिसेंबर १९७१ ला स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोचा कॅसिनो अमेरिकन रॉक संगीतकार फ्रँक झापाच्या कार्यक्रमात जळाला. प्रेक्षकांतल्या कुणीतरी फ्लेअर गन उडवली होती. ध्वनिमुद्रण त्याच कॅसिनोत होणार होतं. मग पॅव्हिलियन नावाच्या थिएटरमध्ये काम सुरू झालं, आवाजाच्या तक्रारीवरून पोलीस आले, आणि तिथे 'स्मोक'चा वाद्यांचा ट्रॅक तेवढा पदरात पडला. बाकीचा अल्बम हिवाळ्यासाठी बंद असलेल्या ग्रँड हॉटेलात झाला. कॉरिडॉरमध्ये गाद्या लावून आवाज मारला, आणि बाहेर रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ म्हणजे एक ट्रक उभा. घेतलेलं ऐकायला ट्रकपर्यंत खोल्या आणि बाल्कन्या ओलांडत जावं लागे, म्हणून ते ऐकणंच बंद झालं. 'मशीन हेड' कोरडा आणि नेटका का वाटतो याचं उत्तर त्या गाद्यांत आहे. 'स्मोक'चे ड्रम्स आणि 'पिक्चर्स ऑफ होम'चे ड्रम्स पाठोपाठ ऐका, जागेतला फरक कळेल.

धागाकर्ता

म्हणजे ज्या गाण्यात आगीची गोष्ट आहे, त्याचाच ट्रॅक वेगळ्या जागी झाला! गाण्याच्या शब्दांतला 'फंकी क्लॉड' म्हणजे क्लॉड नॉब्स, माँत्रो जॅझ महोत्सवाचे संस्थापक. आणखी एक मजा: २०२४ च्या 'मशीन हेड'च्या मोठ्या संचातलं नवं मिक्स झापाच्या मुलाने, ड्वीझिलने केलंय.

जुनी तबकडी

विकत घेणाऱ्यांसाठी. मूळ ब्रिटिश तबकड्यांचे क्रमांक: 'इन रॉक' हार्वेस्ट एसएचव्हीएल ७७७, 'फायरबॉल' एसएचव्हीएल ७९३, 'मशीन हेड' पर्पल टीपीएसए ७५०४, 'मेड इन जपान' टीपीएसपी ३५१. कव्हरवरचा क्रमांक आणि तबकडीच्या मधल्या कागदावरचा क्रमांक जुळतोय ना ते बघा. कव्हर जुनं आणि आत नंतरची तबकडी, हा प्रकार नवा नाही.

अमेरिकन प्रती घेताना दोन ठिकाणी जपा. एक, 'इन रॉक'वर 'स्पीड किंग'च्या आधीचा सगळा गोंगाट तिथे कापलाय. तो गोंगाट नसेल तर नंतर येणाऱ्या शांत ऑर्गनला अर्थच उरत नाही. दोन, 'फायरबॉल'वर 'डीमन्स आय'च्या जागी 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन' आहे. गाणं म्हणून दुसरं सरस, पण अल्बमची चाल बिघडते.

'ब्लॅक नाइट' कुठल्याच मूळ अल्बमवर शोधू नका. १९७० चं ते सुटं सिंगल, ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. 'व्हेन अ ब्लाइंड मॅन क्राइज' हे 'नेव्हर बिफोर' या सिंगलची मागची बाजू होती. ब्लॅकमोरला ते आवडत नव्हतं, म्हणून 'मशीन हेड'वर आलं नाही. १९९७ च्या दोन सीडींच्या आवृत्तीत ते आहे. त्याच संचात ग्लोव्हरने केलेली नवी मिक्स आहेत आणि गाण्यांचे शेवट लांबलेत. पहिल्यांदा ऐकताना मात्र मूळ मिक्सच ऐका.

स्वरभंग

'चाइल्ड इन टाइम'. स्टुडिओतलं सव्वादहा मिनिटांचं की 'मेड इन जपान'वरचं, ओसाकाच्या मंचावरचं बारा मिनिटांचं?

गाण्यासाठी ओसाका, रचनेसाठी स्टुडिओ. गिलनचे आलाप तीन पायऱ्यांनी चढतात: आधी हलके 'ऊ', मग उघडा 'आ', मग किंकाळी. गाणारे पहिल्याच पायरीवर सगळा दम खर्च करतात आणि तिसरीला गळा बसतो. पहिली पायरी जवळजवळ कुजबुजीत, फॉल्सेटोत (पातळ, खोट्या आवाजात) ठेवा. झेपत नसेल तर पट्टी दोन-तीन सुरांनी खाली घ्या, त्यात कमीपणा नाही.

मधल्या गिटारमध्ये लय वाढत जाते. क्लिक (मेट्रोनोम) लावून सराव करणाऱ्यांचं इथेच फाटतं. तो भाग ड्रमरकडे बघूनच वाजवायचा. मग सगळे एकदम थांबतात आणि ऑर्गनची मूळ धून परत येते. ती शांतता एका क्षणाचीच आहे, तीत कुणी झांज वाजू दिली की गेलं.

जुनी तबकडी

त्या ऑर्गनच्या धुनेचं मूळ सांगायलाच हवं. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'इट्स अ ब्यूटिफुल डे' या बँडच्या १९६९ च्या अल्बमवर एक शब्दांशिवायचं गाणं आहे, नाव 'बॉम्बे कॉलिंग'. तिथे ती धून व्हायोलिनवर आणि जलद आहे. पर्पलने ती संथ केली आणि तिचा रंगच पालटला. त्या बँडनेही उट्टं काढलं: पर्पलच्या 'रिंग दॅट नेक'वरून १९७० मध्ये 'डॉन अँड ड्यूई' केलं. आपल्या गावाचं नाव असलेली चीज अशी हर्टफर्डकरांच्या हातून जगभर गेली, आणि मुंबईत किती जणांना हे माहीत असेल देव जाणे.

काटा बरोबर

'मेड इन जपान' ऐकताना रात्री लक्षात ठेवा. १५ आणि १६ ऑगस्ट १९७२ ओसाका, १७ ऑगस्ट टोकियोचं बुदोकान. मूळ दुहेरी तबकडीवर 'स्मोक' १५ तारखेचं, 'म्यूल' आणि 'लेझी' टोकियोचे, बाकी चार १६ तारखेचे. आठ ट्रॅकवर ध्वनिमुद्रण, यंत्रावर मार्टिन बर्च, नंतर काही भरलेलं नाही. एकाच रात्रीचा प्रवाह हवा असेल तर १९९३ चा तीन सीडींचा 'लाइव्ह इन जपान' घ्या.

'हायवे स्टार'ची तुलना इथेच करा. स्टुडिओत ब्लॅकमोरने सोलोवर दुसरी गिटार चढवली आहे, म्हणून ती वेगाची वेलबुट्टी दुहेरी सुरात ऐकू येते. मंचावर तो एकटा, तरी पोकळी जाणवत नाही, कारण खालचा मजला लॉर्ड भरतो. त्या तुकड्यामागे डी मायनर, जी मायनर, सी, ए असा बाखच्या वळणाचा क्रम आहे. सराव ११० च्या लयीवर सुरू करा आणि पिक सतत वर-खाली ठेवा. मूळ लय १७० च्या आसपास. १४० ला अडखळत असाल तर दोष बहुतेक वेळा डाव्या हाताचा नसतो, तार बदलताना पिक चुकीच्या दिशेला असतो.

'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन'मधला गिलन आणि ब्लॅकमोर यांचा सवालजवाब आपल्या कानाला वेगळा समजवावा लागत नाही. 'स्पेस ट्रकिन' स्टुडिओत साडेचार मिनिटांचं, इथे जवळजवळ वीस. अख्खी चौथी बाजू! त्यातली दहा मला पुरतात.

चौथी तार

दहा? वीसच्या वीस हवीत.

डावखुरा

ड्रम्सचं कुणीच लिहिलं नाही. पेस डावखुरा, त्यामुळे चित्रफीत बघून शिकणाऱ्यांचा गोंधळ होतो. आरशात बघतोय असं धरा.

तो बहुतेक सगळं एकाच बेस ड्रमवर करतो, अपवाद 'फायरबॉल'. तिथे दोन आहेत. एका पेडलवर ते जमवण्याचा हट्ट धरला तर दुसऱ्या कडव्यापर्यंत पोटरी भरून येते. दुहेरी पेडल लावा आणि दोन्ही पाय सारखे वाजतात का ते आधी हातांशिवाय तपासा. गाण्याच्या सुरुवातीचा तो घरघराट वातानुकूलन यंत्राचा आहे. आणि या गाण्यात गिटार सोलो नाही. छोटा बेस सोलो, मग ऑर्गन. धागाकर्त्याच्या मुद्द्याला आणखी एक पुरावा.

'मेबी आय'म अ लिओ' सोपं समजून घेऊ नका. रिफ समेवर सुरू होत नाही. ड्रमरने तिच्या मागे जाऊन सम सरकवली की सगळा बँड उलटा पडतो. पहिली मात्रा पायाने घट्ट धरा आणि रिफ तिच्यावर तरंगू द्या.

पाचवं कडवं

मार्क थ्रीला इथे सावत्र वागणूक मिळतेय. 'बर्न', फेब्रुवारी १९७४, पुन्हा माँत्रो आणि पुन्हा तोच ट्रक. शीर्षकगीतात पेस कडव्यांच्या खालूनही जवळजवळ सतत रोल वाजवत राहतो. इतर कुणी असं केलं तर गायकाच्या पायात पाय. इथे चालतं, कारण कव्हरडेलच्या ओळी लांब सुरांच्या आहेत आणि मधला भाग ह्यूज वरच्या पट्टीत घेतो. दोन गायकांशिवाय हे गाणं बसवू नका. एकट्याने गायलं की मधल्या भागाला श्वासच उरत नाही.

'मिस्ट्रीटेड' एकट्या कव्हरडेलचं. 'यू फूल नो वन' काउबेलसाठी ऐका. मात्र ऑर्गनचा सिद्धांत 'स्टॉर्मब्रिंगर'वर लंगडा पडतो. तिथे फंकचा शिरकाव झाला आणि लॉर्ड बराच मागे राहिला. ब्लॅकमोरला ते रुचलं नाही, १९७५ मध्ये त्याने बँड सोडला. तरी त्याच अल्बमवर 'सोल्जर ऑफ फॉर्च्यून' आहे, म्हणून माफ.

तीन ड्रॉबार

सिद्धांत लंगडा पडला नाही, सिद्ध झाला! ऑर्गन मागे गेला आणि अल्बम पातळ झाला.

पाचवं कडवं

मार्क टूच्या 'हू डू वी थिंक वी आर' या अल्बमवर ऑर्गन भरपूर आहे. तरी पातळच.

धागाकर्ता

हा बाण बरोबर लागला. 'वुमन फ्रॉम टोकियो' आणि 'रॅट बॅट ब्लू' सोडले तर माझ्याकडे उत्तर नाही.

तीन ड्रॉबार

मग १९८४ चं 'परफेक्ट स्ट्रेंजर्स' घ्या, मार्क टू परत जमल्यानंतरचं. सुरुवातीला ऑर्गन एकटा, पूर्ण फाटलेला. शीर्षकगीतात गिटार सोलो नाहीच. ब्लॅकमोर असताना! वाजवताना सुरुवातीचे स्वर तोडू नका, एक बोट उचलायच्या आधी पुढचं खाली गेलेलं हवं. गिटारवाल्याने इथे गेन (अ‍ॅम्पवरची आवाज फाडणारी कळ) निम्म्यावर आणावा, नाहीतर दोन डिस्टॉर्शन एकमेकांना खातात आणि बेस ऐकूच येत नाही.

चौथी तार

निम्म्यावर नाही हो, तीनवर. आणि अ‍ॅम्पवरची मधली पट्टी थोडी वर.