ब्लू कार्ड संपतंय, एबीएचकडून उत्तर नाही आणि डिसेंबरात दिराचं लग्न. भारतात जाऊन येता येईल का?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी, जर्मनीतल्या लोकांसाठी प्रश्न आहे. माझं ब्लू कार्ड, म्हणजे नोकरीवरचा राहण्याचा परवाना, नोव्हेंबरच्या शेवटी संपतंय. एक्स्टेन्शनचा अर्ज सप्टेंबरातच एबीएचकडे, म्हणजे परदेशी लोकांच्या ऑफिसात, ऑनलाइन टाकला, कॉन्ट्रॅक्ट, पगाराच्या स्लिपा, इन्शुरन्सचं पत्र, घराचा करार, सगळं अपलोड केलं आणि त्यावर एक ऑटोमॅटिक मेल आली की अर्ज मिळाला, कृपया पुन्हा पुन्हा चौकशी करू नका. तेव्हापासून चिडीचूप. फोन लावला की टेप वाजते आणि दहा मिनिटांनी आपोआप कट होतो.

इकडे धाकट्या दिराचं लग्न डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नाशिकला. घरातलं शेवटचं लग्न, सासूबाई रोज व्हॉट्सअॅपवर "तिकिटं काढली का गं" विचारतायत आणि मी रोज "बघतेय" म्हणतेय. ऑफिसातली एक जण म्हणते फिक्शन (निर्णय होईपर्यंतचा तात्पुरता कागद) घे आणि बिनधास्त जा, दुसरा म्हणतो चुकूनही जाऊ नकोस, मुंबईला विमानातच बसू देणार नाहीत. खरं काय? आणि कार्ड संपल्यावर मी काम तरी करू शकते का? नवरा माझ्यावर डिपेंडंट आहे, त्याचंही कार्ड त्याच तारखेला संपतं. तिकिटं दोहामार्गे स्वस्त दिसतायत, घेऊन टाकू का?

तिखटपोहे
ताई, आधी श्वास घ्या. मुख्य गोष्ट तुम्ही केलेली आहे, ती म्हणजे कार्ड संपायच्या आत अर्ज. राहण्याच्या परवान्याच्या कायद्यात पाराग्राफ (कलम) ८१ आबझात्स (उपकलम) ४ आहे, त्यानुसार मुदतीच्या आत अर्ज गेला असेल तर निर्णय होईपर्यंत जुनं कार्ड चालूच आहे असं धरतात, कामाच्या परवानगीसकट. म्हणजे डिसेंबरात ऑफिसला जाताना चोरासारखं जायची गरज नाही. फक्त एचआरकडे तुमच्या कार्डाची कॉपी असते, ती संपली की ते नवीन कागद मागणारच, कारण ती ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

आता प्रवास. कायद्याने हक्क आहे हे तुम्हाला आणि मला माहीत, मुंबईच्या काउंटरवरच्या पोराला नाही. त्याला हातात कागद लागतो आणि तो कागद म्हणजे फिक्शन्सबेशाइनिगुंग, ज्याला सगळे फिक्शन म्हणतात. ऑनलाइन अर्जाची पोचपावती म्हणजे फिक्शन नव्हे, ती दाखवून प्रवास करायला जाऊ नका. कागद हातात आला की एबीएचच्या दारातच उघडून तिसरं पान बघायचं. तिथे तीन चौकोन असतात, फुली कुठल्या चौकोनात आहे त्यावर सगळं अवलंबून. ८१ आबझात्स ४ वर असेल तर देशाबाहेर जाऊन परत येता येतं. आबझात्स ३ वर असेल तर इथे राहता येतं पण बाहेर पडलात की त्या कागदावर परत येता येत नाही. तुमच्या ऑफिसातले दोघं भांडतायत ना, दोघंही आपापल्या जागी बरोबर असतील, चौकोन वेगळे असतील. एबीएचच्या काउंटरवर माणूस चुकीच्या चौकोनात फुली मारतो असंही होतं, तेव्हा तिथेच उभं राहून बदलून घ्यायचं, घरी जाऊन मेल करत बसायचं नाही.

फी १३ युरो. कागदासोबत जुनं कार्ड आणि पासपोर्ट तिन्ही लागतात, म्हणून जुनं कार्ड कुणी मागितलं तरी लग्नाआधी जमा करू नका.

आणि उद्या जरी टर्मिन (अपॉइंटमेंट) मिळाली तरी कार्ड डिसेंबरात हातात पडेल हे विसरा. कार्ड बर्लिनला बुंडेसड्रुकेराईत छापलं जातं, त्यात सहज चार-सहा आठवडे जातात. तेव्हा आता एक्स्टेन्शनच्या मागे न लागता फक्त फिक्शनच्या मागे लागा. मेलच्या विषयातच लिहा, फिक्शन्सबेशाइनिगुंग नाख पाराग्राफ ८१ आबझात्स ४, पुढे प्रवासाची तारीख. लग्नपत्रिका जोडा, हसू नका, खरंच जोडा आणि खाली दोन ओळी जर्मनमध्ये की सख्ख्या दिराचं लग्न आहे.

म्युनिकचा_बाळ्या
+१. आणि मेलचं उत्तर आलं नाही तर तेच पत्र छापून एबीएचच्या पोस्टाच्या पेटीत टाका, टाकताना फोटो काढून ठेवा. आमच्याकडे मेलला कधीच उत्तर येत नाही, पेटीतल्या कागदाला येतं. का ते विचारू नका.

मिनू८६
तिखटपोहे यांनी सगळं लिहिलंच आहे, मी फक्त तिकिटांबद्दल. शक्यतो डायरेक्ट फ्लाइट घ्या, मुंबई-फ्रँकफर्ट किंवा मुंबई-म्युनिक. पैसे जास्त जातील पण कागद एकदाच तपासला जातो आणि उतरल्यावर समोर जर्मन पोलीस असतो ज्याने असे कागद पाहिलेले असतात. दोहामार्गे चालत नाही असं नाही, पण तिथे गेटवर परत कुणीतरी तो कागद उलटासुलटा करून बघणार आणि तुम्हाला घाम फुटणार. पॅरिस किंवा अॅमस्टरडॅममार्गे आलात तर शेंगेनमधली एंट्री तिथेच होते आणि तिथल्या अधिकाऱ्याला जर्मन फिक्शन समजावत बसावं लागतं. लंडन तर नकोच, आपल्या पासपोर्टवर तिथे ट्रान्झिट व्हिसाची सूट मिळते ती चालू कार्डावर.

मुंबईला काउंटरवर माझा कागद घेऊन मुलगी आत गेली, तिच्या सुपरवायझरने फोन फिरवले, मागे लाइनीतले काका "काय हो, चाललंय काय" करत होते. शेवटी बोर्डिंग पास मिळाला. तेव्हा नेहमीपेक्षा तासभर आधी पोचा. आणि काउंटरवर नुसतं जुनं कार्ड पुढे करू नका, तारीख बघितली की त्यांचा चेहरा पडतो, तिसरं पान उघडून तिन्ही एकत्र द्या.

एक_वऱ्हाडी
मी थोडं वेगळं विचारतो. ताई तुम्हाला ब्लू कार्डवर किती काळ झाला? कारण एक्स्टेन्शन कशाला, सरळ निडरलासुंगच (कायमचा परवाना) टाका की. नोव्हेंबर २०२३ पासून ए वन पातळीच्या जर्मनवर २७ महिने आणि बी वन असेल तर २१ महिने, तेवढे महिने पेन्शनचे पैसे भरलेले पाहिजेत. लेबेन इन डॉइचलांडची (जर्मनीतल्या कायदा-समाजाची) परीक्षा द्यावी लागते, ३३ प्रश्न, सगळे आधीच जाहीर असलेल्या यादीतून येतात, आपल्या पोरांना पाठ करायला काय. माझ्या ओळखीतले कित्येक जण दर वेळी एक्स्टेन्शन मागतात आणि मग दर वेळी हाच गोंधळ.

तिखटपोहे
मुद्दा चांगला आहे पण डिसेंबरच्या लग्नाला त्याचा उपयोग शून्य. निडरलासुंगलाही कार्ड छापायलाच लागतं आणि अर्ज तपासायला उलट जास्त वेळ. लग्न उरकून या मग टाका. मधल्या काळात फिक्शन दोन्हीला चालतं.

गोदाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री पहिल्यांदा नीट झोप लागली. माझे २७ महिने झालेत, ए वन आहे, परीक्षा राहिली आहे, ती जानेवारीत बघते. दोन शंका. नवऱ्याच्या अर्जाचं काय, माझ्याच अर्जात तो आपोआप येतो का? आणि मुलगी तीन वर्षांची आहे, तिचा पासपोर्ट पुढच्या वर्षी कधीतरी संपतो.

म्युनिकचा_बाळ्या
आपोआप काही येत नाही!! प्रत्येकाचा अर्ज वेगळा, तीन वर्षांच्या पोरीचासुद्धा. नवऱ्याचा गेला नसेल तर आज रात्रीच टाका, ऑनलाइन नाही जमलं तर साध्या मेलने टाका आणि सेंट मेल जपून ठेवा. संपायच्या आत पोचला पाहिजे एवढंच. नाहीतर तुम्ही याल परत आणि अहो राहतील नाशिकला.

मिनू८६
मुलीचं बाळ्या म्हणतो ते बरोबर, आणि वर एक भर. लहान मुलांचा आपला पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो आणि कार्ड पासपोर्टच्या पुढे जाऊ देत नाहीत, म्हणजे तुम्हाला आता कार्ड मिळालं तरी तिचं पासपोर्टाइतकंच मिळेल. त्यामुळे आधी कॉन्सुलेटमधून पासपोर्ट नवीन करून घ्या मग तिचं कार्ड. तसं झालं नाही तर नव्या पासपोर्टवर कार्ड बदलायला फी वेगळी. आणि फोटो जुन्या स्टुडिओतले कागदी नेऊ नका, मे २०२५ पासून कार्डासाठी डिजिटलच लागतो, डीएमच्या दुकानात काढून मिळतो. तीन वर्षांच्या पोरीला तोंड मिटून सरळ बघायला लावण्यात आमची अख्खी दुपार गेली होती.

गोदाकाठ
नवऱ्याचा अर्ज आत्ताच पाठवला, मुलीचा लिहितेय. फिक्शनची मेलही गेली, पत्रिका जोडून, पत्रिकेवर गणपतीचं मोठं चित्र आहे, बघू काय म्हणतात. कागद हातात आला की चौकोन कुठला ते इथे कळवते, तिकिटं तोवर थांबवलीत. सासूबाईंना अजून "बघतेय" च चालू आहे.

एक_वऱ्हाडी
रिफंडेबल बघून ठेवून द्या, डिसेंबरचे भाव दिवाळीनंतर अजून वर जातात.